डाव्या बाजूचे बेट: सेंट जॉन येथील श्रमदानाचा एक आठवडा

मिशिगन राज्यातील ट्रॉय या आमच्या गावात घरातून पायी जाण्याजोगे एकच ठिकाण आहे, आणि ते म्हणजे अंगणाच्या टोकाची पत्रपेटी. वाचनालय, वाणसामान, देऊळ, दवाखाना, स्नेह्यांची घरे हे सारे गाडीच्या अंतरावर आहे. त्यामुळे हिवाळ्याच्या आरंभी माझ्या मुलाने, निखिलने, माझ्या गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात घातली, तेव्हा त्याने नेमके काय काढून घेतले, हे या देशात राहणाऱ्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

कारण खरे होते. बर्फात गाडी मागे घेताना माझ्या हातून समोरच्या शेजाऱ्यांची पत्रपेटी आडवी झाली. चूक माझीच होती. नवी पेटी मी स्वतः आणली आणि ओळंबा धरून सरळ बसवून दिली. परंतु निखिलचे समाधान झाले नाही. "बाबा, प्लीज, आता तुम्ही ड्राइव्ह करू नका," एवढेच तो म्हणाला. माझे वय एकाहत्तर. वाहन चालवण्याचा परवाना वैध आहे आणि नेत्रतपासणी वेळच्या वेळी होते. तरीही त्या दिवसापासून "वाचनालयात सोडतोस का?" हे वाक्य मी रोज म्हणू लागलो. उत्तर नेहमी सौम्य असे: "हो बाबा, मीटिंग संपली की निघू." मीटिंग संपत नसे.

अशा अवस्थेत मानसी देशमुख हिच्या सहलीची वार्ता घरात आली. मानसी मूळची नागपूरची, येथे एका मोटार कंपनीच्या संगणक विभागात आहे आणि आमच्या मराठी मंडळातील तरुणांची पुढारी आहे. फेब्रुवारीत शाळांना सुट्टी असते, तेव्हा अमेरिकेच्याच ताब्यातील व्हर्जिन बेटांपैकी सेंट जॉन या बेटावर जायचे, अर्धा दिवस किनाऱ्यावर खारफुटीची लागवड करायची आणि उरलेला अर्धा दिवस समुद्रात व डोंगरांत घालवायचा, अशी तिची योजना होती. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात तेथील किनाऱ्याची खारफुटी उखडली गेली आणि ती अद्याप पुरती भरून आलेली नाही. निखिल आणि त्याची सोळा वर्षांची कन्या ईरा यांनी नावे दिली होती. एका गृहस्थांनी ऐन वेळी माघार घेतली. ती जागा मी मागितली.

"काका, काम फिजिकल आहे हं," मानसी फोनवर म्हणाली. "ऊन असतं, चिखल असतो."

"मानसी, मी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात केली. ऊन आणि चिखल यांखेरीज त्या खात्यात दुसरे काही नसते."

ती मोठ्याने हसली आणि तिने मला घेतले. मात्र यादीत माझ्या नावापुढे "बोरसे काका, फक्त हलकी कामे" असे लिहिले. गुडघ्यांमुळे येऊ न शकणाऱ्या माझ्या पत्नीने, सुमनने, निरोप देताना निखिलला एकच सूचना केली: "यांच्या चष्म्याला दोरी बांध." मला म्हणाली, "जा. खिडकीत उभं राहून बर्फाशी भांडण्यापेक्षा बरं."

आता प्रवासाची माहिती. डेट्रॉइटहून सेंट जॉनला थेट जाता येत नाही, कारण त्या बेटावर विमानतळच नाही. आम्ही शार्लटमार्गे सेंट थॉमस या शेजारच्या बेटावर उतरलो. तेथून मागे बाके बसवलेल्या उघड्या टॅक्सीने रेड हुक या बंदरावर आणि तेथून बोटीने क्रूझ बे या गावी पोहोचलो. बोटीचे भाडे माणशी दहा डॉलरच्या आत आहे, सामानाचे निराळे. बोटीच्या वरच्या मजल्यावर बसावे. पाण्याचा रंग खोल जागी मोरपिशी आणि किनाऱ्याजवळ कच्च्या कैरीच्या सालीसारखा हिरवा दिसतो, आणि या दोन रंगांमधील सीमारेषा धरणाच्या नकाशावर आखावी इतकी स्पष्ट असते. सकाळी आम्ही दारातला बर्फ फावड्याने ओढून निघालो होतो. दुपारी मी स्वेटर काढून हातावर घेतला आणि तो आठवडाभर पुन्हा घातला नाही.

क्रूझ बेला आम्ही आठ जणांसाठी दोन जीपगाड्या ठरवल्या होत्या. खर्चातील मोठा वाटा याच घेतात, दिवसाला प्रत्येकी शंभराहून अधिक डॉलर. आरक्षण समीरने केले होते. समीर पुण्याचा, व्यवसायाने मोटारींच्या स्टिअरिंगचा अभियंता. या बेटांवर एक विलक्षण गोष्ट आहे. झेंडा अमेरिकेचा, डॉलर अमेरिकेचे, गाड्यांची स्टिअरिंगची चाकेही अमेरिकन पद्धतीप्रमाणे डाव्या बाजूला बसवलेली. परंतु वाहतूक मात्र रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते. समीरने हे आधीच वाचले होते आणि मुळीच चिंता केली नव्हती.

"अरे, आपण सगळे इंडियन! लेफ्ट साइड म्हणजे आपलं माहेरच," असे तो ट्रॉयला म्हणाला होता आणि सर्वांनी माना डोलावल्या होत्या. त्या माना डोलावण्यातील चूक गाडीत बसेपर्यंत कोणाच्याही लक्षात आली नाही.

पहिल्याच चौकात समीर सवयीने उजवीकडे शिरला. समोरून प्रवाशांनी भरलेली उघडी टॅक्सी येत होती. ती थांबली. तिचा पांढऱ्या दाढीचा चालक खिडकीतून बाहेर वाकला आणि अतिशय शांतपणे म्हणाला, "गुड आफ्टरनून. डावीकडे, बाळा."

समीरने गाडी डावीकडे घेतली आणि कडेला थांबवली. मागून येणारा निखिलही थांबला.

"अरे यार समीर, तू तर म्हणालास इंडियात चालवलीय!" मानसी कडाडली.

"चालवलीय ना. स्कूटी. कोथरूडला."

"कार?"

"कार इथेच शिकलो."

"निखिल, तू?"

"मी नाशिकला बाईक चालवायचो," निखिल म्हणाला. "बाबांनी जीपला हात लावू दिला नाही."

"ती सरकारी जीप होती," मी म्हणालो.

एकेकाला विचारता असे निष्पन्न झाले की आठांपैकी भारतात चारचाकी चालवलेला मनुष्य एकच होता, आणि तो मागच्या आसनावर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मग सर्वांनी निखिलकडे पाहिले. निखिलने रस्त्याकडे पाहिले. "समीर, सावकाश घे, होईल," तो म्हणाला.  क्रूझ बे ते कोरल बे हे अंतर ट्रॉयमध्ये देवळात जाण्याइतके आहे. आम्हाला त्यास तासाहून अधिक वेळ लागला.

कोरल बेच्या टेकडीवर आम्ही भाड्याने घेतलेले घर होते. बेटावर नद्या नाहीत. छपरावर पडणारा पाऊस पन्हळीने घराखालच्या हौदात उतरतो आणि तेच पाणी वर्षभर वापरायचे असते. नळाजवळ तशी सूचना लावली होती. मी हौदाचे झाकण उघडून पाहिले आणि पाटबंधारे खात्यात ज्या शिस्तीसाठी आम्ही जन्मभर परिपत्रके काढली, ती येथे प्रत्येक घरात पाहून मला मनापासून आनंद झाला. जाणाऱ्यांनी अंघोळ बादलीभर पाण्यातच उरकावी. किराणा महाग आहे. दूध जवळजवळ ट्रॉयच्या दुप्पट. मानसीने भाजणी, मेतकूट आणि सावजी मसाला आणला होता, त्यामुळे आमची उपासमार टळली.

दुसरी गोष्ट अभिवादनाची. पहिल्या दिवशी दुकानात समीरने केळी उचलून थेट भाव विचारला. गल्ल्यावरील बाईंनी त्याच्याकडे पाहिले, पण उत्तर दिले नाही. त्याने पुन्हा विचारले. बाई म्हणाल्या, "गुड आफ्टरनून." त्याने गोंधळून "गुड आफ्टरनून" म्हटले, त्याबरोबर भाव कळला, शिवाय कोणती केळी गोड आहेत हेही कळले. या बेटावर आधी नमस्कार आणि मग काम, हा नियम आहे. अंधार पडल्यावर भेटतानाही "गुड नाइट" म्हणतात. मला हा नियम फार आवडला. ट्रॉयमध्ये मी अनेकांना केवळ कामापुरते भेटतो.

श्रमदानाचे काम मिस ऑड्री पाहत होत्या. येथे वडीलधाऱ्या स्त्रीला नावाआधी मिस लावून हाक मारतात, जसे आपण काकू म्हणतो. वयाने माझ्याएवढ्या, डोक्यावर वेताची टोपी, कमरेला कोयता. पहिल्या सकाळी आम्हाला ओळीत उभे करून त्यांनी मँचिनील नावाचे झाड दाखवले. याचे फळ खाऊ नका, फांदी तोडू नका, पावसात याच्याखाली उभेदेखील राहू नका, कारण याच्या चिकाने कातडी भाजते. तेवढ्यात रस्त्यावरून एक मुंगूस धावत गेले.

"हे तुमच्या देशातले," मिस ऑड्री मला म्हणाल्या. "उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला आणले. पण उंदीर बाहेर पडतात रात्री आणि हे महाशय हिंडतात दिवसा. दोघांची गाठच पडली नाही."

"आमच्या कार्यालयातही असे विभाग होते," मी म्हणालो, आणि आमची मैत्री झाली.

खारफुटीची रोपे बेटाच्या दुसऱ्या टोकाला, क्रूझ बेजवळच्या रोपवाटिकेत होती. ती पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून पिकअपमधून डोंगरावरून कोरल बेला आणायची आणि भरती येण्यापूर्वी चिखलात रोवायची, असा क्रम होता. मुळे सुकली की रोप गेले. त्या सकाळी मिस ऑड्रींचा नेहमीचा चालक पाठ धरून घरी पडला होता. पिकअप जुनी, गियरची. मिस ऑड्री स्वतः गियरची गाडी चालवत नसत.

"गियरची कोण चालवतो?" त्यांनी विचारले.

समीरने बुटांकडे पाहिले. निखिल म्हणाला, "आमच्यापैकी कोणीच नाही."

"मी चालवतो," मी म्हणालो.

"बाबा..."

"डाव्या बाजूने किती वर्षे चालवली?" मिस ऑड्रींनी मला विचारले.

"पस्तीस. त्यांतील बरीच घाटांत."

"आणि यांनी?" त्यांनी निखिल आणि समीरकडे बोट दाखवले.

"काल दुपारपासून."

त्यांनी माझा परवाना उलटसुलट पाहिला आणि पिकअपची किल्ली माझ्या हातावर ठेवली. पण लगेच रस्त्यावर जाऊ दिले नाही. गावाच्या मैदानावर मला आधी फेऱ्या घालायला लावल्या, आणि ते योग्यच होते, कारण मला वाटले होते तितके ते सोपे नव्हते. भारतात मी गियर डाव्या हाताने टाकत असे. येथे चाक डावीकडे, म्हणून गियर उजव्या हाताने टाकायचा. पहिल्या फेरीत माझा डावा हात दारावर आपटला. दुसरीत गाडी बंद पडली. मैदानाच्या कडेला निखिल हाताची घडी घालून उभा होता आणि त्याचा चेहरा मला दिसत होता. मी थांबलो, चष्म्याची दोरी घट्ट केली आणि दोन्ही हातांना मनात नव्याने कामे वाटून दिली. त्यानंतर गाडी बंद पडली नाही. मिस ऑड्रींनी हात वर केला.

"मी बाबांच्या शेजारी बसतो," निखिल म्हणाला. जणू काही शेजारच्या आसनालाही ब्रेक असतो.

पहिल्या दिवशीची खेप कोरड्या रस्त्यावरून सुखरूप झाली. त्या दुपारी मी विजार दुमडून पोटऱ्यांइतक्या चिखलात रोपे रोवली. प्रत्येक रोप शेंगेसारखे लांब असते. ते सरळ खुपसायचे आणि भोवतीचा चिखल बोटांनी दाबायचा. माझ्या नावापुढील "हलकी कामे" मानसीने स्वतःहून खोडली. दुपारी रस्त्याकडेच्या गाडीवर डाळपुरी मिळाली. विकणाऱ्या बाई त्रिनिदादच्या. पोळीच्या पोटात डाळीचे सारण, वर बटाट्याचा आणि चण्याचा रस्सा.

"आबा, इट्स लाइक पुरणपोळी, बट अँग्री," ईरा म्हणाली.

याहून नेमके वर्णन मला करता येणार नाही. दोन माणसांस एक पुरते.

तिसरी दुपार माहो बेच्या किनाऱ्यावर गेली. येथे समुद्री कासवे किनाऱ्याजवळच चरतात. प्रवाळाला अपाय न करणारेच उन्हाचे मलम अंगास लावण्याची येथे सक्ती आहे. ते ट्रॉयहूनच आणावे. मला विहिरीत पोहता येते, पण नळीतून श्वास घेत पाण्यात तोंड घालून पडणे हे निराळेच शास्त्र आहे. ईराने माझा हात धरला. "आबा, जस्ट ब्रीद. यू आर फायटिंग द वॉटर." मी भांडण सोडले आणि तरंगू लागलो. खाली ताटाएवढ्या पाठीचे कासव गवत खात होते. त्याने सावकाश मान वर केली, श्वास घ्यायला माझ्या खांद्याजवळून वर आले आणि पुन्हा जेवायला गेले. मी पाण्याबाहेर तोंड काढून इतक्या मोठ्याने ओरडलो की किनाऱ्यावर निखिल उठून उभा राहिला.

आणि मग मोठ्या लागवडीचा दिवस आला. बेटावरील शाळकरी मुले आणि त्यांचे शिक्षक किनाऱ्यावर वाट पाहत होते. रोपवाटिकेत उरलेली सर्व रोपे त्या दिवशी न्यायची होती. पिकअपमागे पाण्याने भरलेले ट्रे आणि पिंपे काठोकाठ लादली. मी व निखिल पुढे आणि आमच्या मागे समीरची जीप, तीत मानसी आणि ईरा. निघालो आणि डोंगरावर सर आली. पाच-सात मिनिटांची, पण रस्ता धुऊन तुळतुळीत करणारी.

क्रूझ बेकडून वर जाताना एक वळण असे आहे की तेथे गाडीचे नाक आकाशाकडे होते आणि पुढचा रस्ता दिसत नाही. वळणापूर्वी मी हॉर्न दिला, पहिल्या गियरमध्ये वळलो आणि समोर गाढवे. या बेटावर मोकाट गाढवांचे कळप आहेत आणि त्यांना कोणाचीही घाई नसते. एक मोठी मादी रस्त्यात आडवी, दोन तिच्यामागे. मी थांबलो. हँडब्रेक ओढला, पण तो एवढ्या वजनाला पुरेल, अशी खात्री वाटेना. पायाखालचा ब्रेक दाबूनच ठेवावा लागला. आरशात समीरच्या जीपचे तोंड अगदी जवळ दिसत होते. तिच्या खिडकीत ईरा.

"बाबा," निखिल म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "मागे ईरा आहे."

"मला ठाऊक आहे."

"मी उतरतो. दगड लावतो चाकाला."

"उतरू नकोस. दार उघडायलाही जागा नाही, तुझ्या बाजूला वरून टॅक्सी येईल. तू मागे पाहू नकोस. गाढवे बघ. ती हलली की सांग."

"हलली... नाही. एक परत आलं."

"का?"

"मला काय माहीत का! उभं आहे. आपल्याकडे बघतंय."

"मग त्याला गुड मॉर्निंग म्हण."

तो हसला नाही. पण मी काच खाली केली आणि खरोखरच म्हटले. गाढवाने कान हलवला आणि ते सावकाश चालते झाले.

घाटघर धरणाच्या चढावर, पाठीमागे सिमेंटच्या गोण्या असताना, जे शेकडो वेळा केले होते, ते आता उलट्या हाताने करायचे होते. हँडब्रेक पुन्हा शेवटपर्यंत ओढून धरला. क्लच अर्धा सोडला, आणि थांबलो. घाई येथेच करायची नसते. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित उचलले, आसनाखाली गाडी मांजरीसारखी दबा धरून बसली. तेव्हाच पायाचा ब्रेक सोडून थोडी रेस दिली आणि मग हँडब्रेक सोडला. पिकअप वर गेली. पिंपांतील पाणी एकदा हिंदकळले, एवढेच. पुढच्या वळणावर उतरणीची टॅक्सी आमच्यासाठी थांबली होती. चालक तोच पांढऱ्या दाढीचा. मी बेटाच्या रीतीने आभाराचे दोन छोटे हॉर्न दिले. त्याने दोन दिले.

माथ्यावर गाड्या थांबवण्याची जागा आहे. समीर जीपमधून उडी मारूनच आला.

"काका! एक इंच मागे नाही आली! मी हॉर्नवर हात ठेवून बसलो होतो यार... सॉरी, काका."

"चालेल," मी म्हणालो. त्या दिवशी मला यारही चालले असते.

मानसी ट्रे तपासत होती. एकही कलंडला नव्हता. निखिल कठड्याशी उभा राहून पाणी पीत होता. खाली कोरल बे, शिडाच्या बोटी, आणि किनाऱ्यावर शाळकरी मुलांचे ठिपके.  बाटलीचे झाकण लावत तो म्हणाला, "बाबा, मला हे शिकवाल?"

रोपे भरतीपूर्वी पोहोचली आणि सूर्य कलेपर्यंत सगळी रोवून झाली. मिस ऑड्रींनी सर्वांदेखत माझ्या डोक्यावर आपली वेताची टोपी ठेवली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी टोपी काढण्यापूर्वी ईराने छायाचित्र घेतले आणि सुमनला पाठवले. सुमनचे उत्तर आले: "चष्म्याची दोरी दिसत नाही."

त्या सायंकाळी मिस ऑड्रींच्या परवानगीने मैदानावर निखिलचे शिक्षण सुरू झाले. गाडी सारखी बंद पडत होती.

"क्लच हळू."

"हळूच सोडतोय!"

"हळू म्हणजे भरलेला चहाचा कप दुसऱ्याच्या हातात देतोस, तसे."

पुन्हा बंद पडली. त्याने चाकावर कपाळ टेकले. तसाच, वर न पाहता म्हणाला, "बाबा, ती मेलबॉक्स होती म्हणून ठीक. नंतर मला सारखं दिसायचं, तिथे पेटी नाही, शेजारच्यांची छोटी उभी आहे. म्हणून घेतली किल्ली. राग नव्हता."

शेजाऱ्यांची नात चार वर्षांची आहे. मी तिला ओळखतो. एवढे दिवस मी किल्लीचा विचार केला होता आणि तो तिचा विचार करत होता.  मी म्हणालो, "तुझे भय खरे आहे. पण मला मेहेरबानी नको आणि बंदीही नको. परीक्षा घे."

"मी तुमची परीक्षा घेणारा कोण?"

"मग ज्यांचे ते काम आहे, त्यांना घेऊ दे. नापास झालो तर किल्ली तुझी, आणि पुन्हा शब्द काढणार नाही."

त्याने मान हलवली आणि क्लच सोडला. गाडी बंद पडली नाही. मैदानाला पूर्ण फेरी घालून आम्ही परतलो.

परतीच्या प्रवाशांसाठी एक महत्त्वाची सूचना. सेंट थॉमसच्या विमानतळावर मुख्य भूमीकडे जाताना कागदपत्रे तपासली जातात. कायम निवासाचे कार्ड, आणि कामाच्या व्हिसावर असणाऱ्यांनी पारपत्र व व्हिसाची कागदपत्रे मूळ स्वरूपात जवळ ठेवावीत. समीरने ती मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवली होती. त्यामुळे त्याची अंतर्वस्त्रे काही काळ अधिकाऱ्यांच्या टेबलावर होती.

ट्रॉयला बर्फ होताच. येथील एका प्रशिक्षकाने माझी रीतसर चाचणी घेतली: महामार्ग, चौक, शाळेचा परिसर आणि गाडी मागे घेणे. मागे घेताना मी पूर्ण मान वळवली, आरसे पाहिले, थांबलो, पुन्हा पाहिले. निखिल मागच्या आसनावर होता. प्रशिक्षकाचा निर्णय असा: उत्तीर्ण. बर्फ पडत असताना आणि अंधारात शक्यतो चालवू नये. अटी मला न्याय्य वाटल्या आणि मी त्या मान्य केल्या.  घरी आल्यावर निखिलने चहाच्या कपाशेजारी किल्ली ठेवली आणि म्हणाला, "वाचनालयातून येताना दूध आणाल? माझी मीटिंग आहे."

या सहलीतून काय उरले, असे विचाराल तर कोरल बेच्या चिखलात उभी राहिलेली खारफुटी उरली. तिने मूळ धरले, असे मिस ऑड्रींनी कळवले आहे. समीर आता गियरची जुनी गाडी विकत घेण्याच्या विचारात आहे. आणि बेटावरची एक रीत माझ्या अंगवळणी पडली आहे.

दुसऱ्या सकाळी आकाश निरभ्र होते. मी गाडी अतिशय सावकाश मागे घेतली आणि मीच बसवलेल्या त्या पत्रपेटीला वळसा घालून रस्त्याच्या उजव्या बाजूला आणली. शेजारी फावड्याने बर्फ ओढत होते. त्यांची नात लाल टोपी घालून पायरीवर उभी होती. मी थांबलो, काच खाली केली आणि आधी "गुड मॉर्निंग" म्हणालो. दोघांनीही हात हलवला. मी दोन छोटे हॉर्न दिले आणि वाचनालयाकडे निघालो.